घडीच्या गाडीतले पडदे: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची चार पत्रे आली, म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. फोल्डिंग कॅम्पर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची बुटकी, पेटीसारखी गाडी. मुक्कामाला पोहोचल्यावर ती उघडली की दोन्ही बाजूंना बिछान्यांच्या फळ्या बाहेर येतात, वर कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात आणि आत चार-सहा माणसांची झोपण्याची सोय होते. परत निघताना हे सगळे पुन्हा पेटीत मिटवायचे असते. पडद्यांच्या बहुतेक अडचणी या मिटवण्यातूनच निघतात, असे चारही पत्रे वाचल्यावर माझ्या लक्षात आले.

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतात. त्यांनी एक जुना फोल्डिंग कॅम्पर विकत घेतला आहे, परंतु त्याचे मूळचे पडदे पार विरून गेले आहेत. मी मे महिन्याच्या अखेरीस तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहे आणि पडदे इथूनच शिवून न्यावेत असा माझा विचार आहे. मुलीने मापे कळवली आहेत. एकूण सहा खिडक्या असून प्रत्येक ९० सें.मी. रुंद आणि ५५ सें.मी. उंच आहे. घरचे पडदे मला उत्तम शिवता येतात, पण तिथे दांडा ठोकायला भिंतच नाही, सगळे कापड आहे. मग पडदे टांगायचे कशावर? दोन बिछान्यांमध्ये आडोसाही हवा आहे, कारण यंदा व्याही आणि विहीणबाईही सहलीला येणार आहेत. शिवाय उन्हाळ्यात तिकडे पहाटे पाचच्या आधीच उजाडते आणि नातू उठून बसतो. त्यासाठी जाड, काळ्या अस्तराचे कापड घ्यावे का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: आपल्या पत्रात खिडक्यांची मापे आहेत, पण गाडी मिटते कशी, हे नाही. कापड फाडण्यापूर्वी मुलीकडून तेवढे एक विचारून घ्यावे. शक्य असेल तर गाडी उघडताना आणि मिटवताना मोबाइलवर चित्रीकरण करून पाठवायला सांगावे. घरातला पडदा एकदा टांगला की दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहतो. हा पडदा मात्र प्रत्येक मुक्कामाला गाडीबरोबर दुमडला जातो, दाबला जातो आणि पुन्हा ताणला जातो. त्यामुळे तो उघडल्यावर कसा दिसेल यापेक्षा गाडी मिटल्यावर तो कुठे जाऊन बसेल, याचा विचार आधी करावा लागतो.

या गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. अमेरिकेत बहुधा टणक छपराची गाडी आढळते. तिचे छप्पर हाताने फिरवायच्या चरकाने आणि तारांनी वर उचलले जाते आणि बिछाने खणासारखे बाहेर ओढले जातात. अशा गाडीत छपराच्या कडेला आतून प्लॅस्टिकची पट्टी बसवून तिच्यात सरकणाऱ्या गोट्यांवर पडदे टांगता येतात. ब्रिटनमध्ये अधिक प्रमाणात आढळणाऱ्या प्रकारात वरचा भाग संपूर्ण कापडाचा असतो. पेटीचे झाकण दोन्हीकडे उलटून त्याचेच बिछाने होतात आणि बिजागरीच्या नळ्यांचा सांगाडा पंख्यासारखा उलगडून त्यावर कॅनव्हास ताणला जातो. आपण लिहिलेले ‘सगळे कापड’ वाचून आपल्या लेकीची गाडी याच दुसऱ्या प्रकारातली असावी असे मी धरून चालते. तिथे पट्टी नको आणि दांडाही नको. कोणतीही ताठ वस्तू त्या घडीत अडते. अडली की एकतर ती मोडते, नाहीतर कॅनव्हास फाडते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगते. आमच्या वडिलांचे जीप-रिक्षांचे हूड शिवण्याचे दुकान होते आणि त्यातूनच मी कॅनव्हासच्या कामाकडे वळले. एका गिऱ्हाइकाच्या तंबूच्या ट्रेलरला मी पितळी कड्यांचे पडदे करून दिले. दिसायला ते इतके देखणे झाले की मी स्वतःवरच खूश होते. पुढे इगतपुरीच्या पावसात त्यांच्या अंथरुणावर थेंब पडू लागले. कॅनव्हास पाहिला तर प्रत्येक घडीच्या जागी कडीच्या आकाराची चंद्रकोर उमटली होती आणि दोन ठिकाणी आरपार भोक पडले होते. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून घडीच्या गाडीत मी कडी, लोखंडी हूक किंवा टिच बटण वापरत नाही. आपल्याकडे घरोघरी असते ती प्लॅस्टिकच्या वेष्टणाची पडद्याची स्प्रिंगही नको, कारण तिच्या दोन्ही टोकांना तारेचे आकडे असतात आणि घडीत तेच टोचतात.

तर मग टांगायचे कशावर? सांगाड्याच्या नळ्यांवर. कॅनव्हासला हात न लावता नळीभोवती कापडी पट्ट्या गुंडाळाव्यात आणि त्यांची टोके वेल्क्रोने बंद करावीत. नळी २५ मि.मी. जाडीची असेल तर तिचा घेर सुमारे ८ सें.मी. भरतो, त्यावर वेल्क्रोसाठी ४ सें.मी. धरून १२ सें.मी. लांबीची पट्टी पुरेशी होते. लेकीला शिंप्याच्या फितीने नळीचा घेरच मोजायला सांगावा. जाडी मोजण्यात चूक होते, घेर मोजण्यात सहसा होत नाही. नळ्यांच्या बिजागऱ्यांपासून या पट्ट्या १० सें.मी. तरी दूर ठेवाव्यात, नाहीतर सांगाडा मिटताना कापड जात्यात सापडल्यासारखे चिमटले जाते. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमध्ये ५ किंवा ६ मि.मी. जाडीची इलॅस्टिकची दोरी ताणावी आणि ती पडद्याच्या नेफ्यातून ओवावी. एक मीटर अंतरासाठी सुमारे ८८ सें.मी. दोरी, अधिक दोन्हीकडच्या गाठींपुरती, असे प्रमाण ठेवले तर झोळ पडत नाही. सांगाडा मिटताना इलॅस्टिक मुकाट्याने सैल होते आणि चुकून अधिक ताण आला तरी सहन करते. उन्हाने चार-पाच वर्षांत ते मरते, हे खरे. पण नवे ओवणे हे नाडी घालण्याइतकेच काम आहे. जुन्या पडद्यांसाठी आत काही बंद किंवा कापडी फासे शिवलेले असतील, तर अर्थात तेच वापरावेत.

नेफा पडद्याला वरही करावा आणि खालीही. घरचे पडदे शिवणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट सहसा सुचत नाही, कारण घराची भिंत उभी असते. या गाडीची कापडी भिंत वर जाताना आत झुकते, म्हणून वरच्या कडेला टांगलेला पडदा ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबतो आणि खिडकीपासून सुटतो. भिंत फक्त २० अंशांनी झुकलेली असली, तरी ६५ सें.मी. लांबीच्या पडद्याचे खालचे टोक भिंतीपासून सुमारे २२ सें.मी. आत येते. एवढ्या फटीतून पहाटेचा उजेडही आत येतो आणि शेजारच्या तंबूतल्या मंडळींची नजरही. खालच्या नेफ्यात दुसरी इलॅस्टिकची दोरी घातली की पडदा भिंतीच्या उताराला चिकटून राहतो.

आता माप. खिडकीच्या ९० सें.मी. रुंदीला दोन्ही बाजूंनी ५ सें.मी. जास्त धरले की १०० सें.मी. होतात. घरी आपण चुण्यांसाठी दुप्पट कापड घेतो. इथे दीडपट पुरे, कारण जास्तीची प्रत्येक चुणी घडीची जाडी वाढवते. म्हणजे १५० सें.मी., त्याचे दोन भाग ७५-७५ सें.मी.चे आणि प्रत्येकाला दोन्हीकडच्या दुमडीसाठी ५ सें.मी. मिळवून ८० सें.मी. रुंदीचा एकेक तुकडा. उंचीत ५५ सें.मी.ला वर-खाली पाच-पाच मिळवून ६५ आणि दोन नेफ्यांसाठी चार-चार मिळवून ७३ सें.मी. पन्हा ११२ सें.मी.चा असेल तर एका खिडकीला १४६ सें.मी. कापड लागते, सहा खिडक्यांना पावणेनऊ मीटरच्या आसपास. कापड आटेल हे लक्षात घेऊन साडेनऊ मीटर घ्यावे. कडेला ३२ सें.मी. रुंदीची जी लांब पट्टी उरेल ती टाकू नये. नळीच्या पट्ट्या आणि पडदे बांधायचे बंद तिच्यातूनच निघतात. कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करावी. हे काम टाळले, तर ते इंग्लंडमधल्या पहिल्या धुण्यात आटेल आणि तिथे ते वाढवायला काही उपाय नसेल.

कापडाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. साधे सुती पॉपलिन किंवा मालेगावच्या यंत्रमागांवर निघते तसले सुती वा पॉली-कॉटन कापड घ्यावे, आणि जाड, रबरासारख्या थराचे ‘ब्लॅकआउट’ कापड घेऊ नये. पॉपलिनचे वजन चौरस मीटरला साधारण १२० ग्रॅम असते, त्या हिशेबाने सहाही खिडक्यांचे एकपदरी पडदे मिळून ८५० ग्रॅमच्या आत-बाहेर भरतील आणि बॅगेच्या एका कोपऱ्यात मावतील. ब्लॅकआउट कापड याच्या दुपटीहून जड असते, दुमडल्यावर त्याचा थर कालांतराने भेगाळतो आणि ओले झाले की लवकर वाळत नाही. नातवाच्या झोपेची काळजी रास्त आहे, कारण जूनच्या मध्यास लेस्टरला पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो. मात्र त्यासाठी सहाही खिडक्या काळ्या करण्याची गरज नाही. नातू ज्या बाजूला झोपतो तिथल्याच खिडक्यांना गडद रंगाच्या पॉपलिनचे सुटे अस्तर करावे. ते पडद्याला शिवू नये, त्याच इलॅस्टिकवर मागून ओवावे. धुताना आणि वाळवताना दोन्ही वेगळी होतात, आणि थंडीत लवकर अंधार पडू लागला की अस्तर काढूनही ठेवता येते.

रंग पक्का आहे ना, हे मात्र नक्की पाहावे. या गाड्यांच्या खिडक्या पारदर्शक पीव्हीसीच्या असतात आणि दमट पडदा तिच्यावर आठवडाभर दाबून राहिला की कच्चा रंग पीव्हीसीत शिरतो. तो डाग मग कशानेही जात नाही. पांढरा ओला रुमाल कापडावर जोराने घासून पाहावा, रुमालाला रंग लागला तर ते कापड घरच्या उशांसाठी ठेवावे. रंग पक्का आणि कापड कोरडे असेल, तर मिटवताना पडदा खिडकीवर पसरलेला असणे फायद्याचेच आहे, कारण घडीत पीव्हीसीवर ओरखडे उठत नाहीत.

व्याही-विहिणींच्या आडोशासाठी गाडीच्या आरपार जाणारा पडदा लागेल. त्याला दीडपटही चुण्या नकोत, सव्वापट पुरेत. दोन मीटर लांबीची इलॅस्टिकची दोरी मधोमध झोळ देते, म्हणून छपराच्या मधल्या नळीवरून एक कापडी पट्टी खाली सोडून तिच्यात दोरी अडकवावी आणि पडदा दोन भागांत करावा. एक गोष्ट मात्र विहीणबाईंना आधीच सांगून ठेवावी, कारण ती पडद्याने सुटत नाही. रात्री आत दिवा लावला की फिकट रंगाच्या कॅनव्हासवर माणसांच्या सावल्या बाहेरून स्पष्ट दिसतात, खिडक्यांचे पडदे कितीही घट्ट ओढलेले असोत. कपडे बदलताना दिवा मालवावा, हा त्यावरचा उपाय.

गॅसच्या शेगडीलगतच्या खिडकीला पडदा करू नये. सुती कापड पेट घेते आणि पॉलिस्टर वितळून अंगावर गळते. बांधून ठेवू म्हणावे, तर चहाच्या गडबडीत बंद सुटायचाच. त्या एका खिडकीची झडप बाहेरून खाली सोडता येत असेल तर तेवढा आडोसा पुरतो. त्याचप्रमाणे भिंतीत किंवा पेटीत हवेसाठी ठेवलेली जाळी कोणत्याही पडद्याखाली झाकली जाणार नाही, याची खात्री करावी. ती जाळी गॅस आणि धूर बाहेर जाण्यासाठीच असते.

शेवटी एक विनंती. सहाच्या सहा पडदे इथे पूर्ण करू नयेत. एक पूर्ण शिवावा, बाकीच्या पाचांना बाजूच्या दुमडी घालून नेफे मात्र धावदोऱ्याने टाचून न्यावेत. तिथे पोहोचल्यावर तो एक पडदा टांगून गाडी तीनदा मिटवून तीनदा उघडावी. कुठे अडते, कुठे चुरगळते हे तिसऱ्या खेपेला नेमके कळते. त्यानंतर उरलेले नेफे कोणाकडून तरी मशीन मागून घेऊन घालता येतात, अथवा हाताने घातले तरी दोन दुपारींचे काम आहे.

प्रश्न: आम्ही द्राक्ष बागायतदार आहोत. यजमानांनी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये घडीचा ट्रेलर बनवून घेतला. छप्पर पत्र्याचे आहे, भिंती कॅनव्हासच्या. पडद्यांसाठी मी भिंतींना चिकटवायचे वेल्क्रो लावले, ते मे महिन्यात गळून पडले. मग ताडपत्रीवाल्याकडून तेच वेल्क्रो मशीनने शिवून घेतले, तर भंडारदऱ्याला पावसात त्या शिवणीतून पाणी आत आले. आणि इतके करूनही दुपारी आत भट्टी होते. पडदे आणखी जाड करावेत का? (दिंडोरी)

उत्तर: पडदे जाड करून उष्णता कमी होणार नाही. ऊन काचेतून अथवा प्लॅस्टिकमधून आत आल्यानंतर पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि ती ऊब आतच राहते. ऊन खिडकीच्या बाहेरच अडवायला हवे, आणि त्याचे साहित्य आपल्या शेतावर पडलेले असेल. ५० किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट छपराच्या कडेपासून बाहेरच्या बाजूने तिरकी ताणून जमिनीत खुंट्यांना बांधावी. नेट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा राहू द्यावी म्हणजे वारा खेळतो. पत्र्याच्या छपरावरही तिचाच एक तुकडा टाकावा, मात्र तोही लाकडी पट्ट्यांवर, पत्र्याला न टेकता. आतले पडदे मग फक्त आडोशापुरते, पातळ सुती ठेवता येतील.

वेल्क्रो गळण्याचे कारण साधे आहे. त्यामागचा चिकट थर उष्णतेने मऊ पडतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद ट्रेलरच्या आत त्याहून अधिक. शिवाय पाणी धरू नये म्हणून कॅनव्हासवर जी प्रक्रिया केलेली असते, तिच्यावर गोंद नीट बसतच नाही. पडदा कॅनव्हासला चिकटवू नये, असे मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येक जण आधी चिकटवून पाहतोच.

शिवणीतून पाणी आले याचा अर्थ भिंत कायमची बिघडली असा नाही. भिंत सुती कॅनव्हासची असेल तर धागा आणि कापड दोन्ही पाण्याने फुगतात आणि सुईची भोके आपोआप बुजतात. त्यासाठी पावसाची वाट न पाहता अंगणात ट्रेलर उघडून नळीने भिंती पूर्ण भिजवाव्यात, वाळू द्याव्यात आणि असे दोन-तीनदा करावे. धागा निव्वळ नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा वापरला असेल तर तो फुगत नाही. मग शिवणीवर बाहेरून मधमाशीचे मेण घासून, केस सुकवायच्या यंत्राच्या गरम हवेने ते मुरवावे. भिंत प्लॅस्टिकचा थर दिलेल्या ताडपत्रीची असेल तर कापड फुगण्याचा प्रश्नच नाही. तिथे तंबूच्या शिवणीसाठी मिळणारे सीलर दोन हात लावावे लागेल.

पुढच्या खेपेला मात्र भिंतीला एकही नवे भोक पाडू नये. त्याऐवजी मी ज्याला मायपट्टी म्हणते ती करावी. कॅनव्हासचीच १० सें.मी. रुंद पट्टी ट्रेलरच्या आतल्या घेराइतकी लांब घ्यावी आणि वेल्क्रोची मऊ बाजू या पट्टीवर मशीनने शिवावी. पट्टीची वरची कड छपराच्या आतल्या चौकटीला, जिथे भिंतीचे कापड मुळातच आवळलेले आहे त्याच पट्टीखाली, त्याच स्क्रूंनी आवळून टाकावी. पडदे, पिशव्या, टॉर्च, जे काही टांगायचे ते या मायपट्टीवर. सुई १८ नंबरची घ्यावी आणि टाका मोठा ठेवावा, कारण बारीक टाक्यांनी जाड कॅनव्हास टपालाच्या तिकिटासारखा फाटतो. वेल्क्रोची खरबरीत बाजू नेहमी पडद्याला शिवावी. ती भिंतीकडे राहिली तर पडदे काढलेले असताना डासांच्या जाळीत अडकते आणि जाळीचे धागे ओढून काढते. आपल्या ताडपत्रीवाल्याने कोणती बाजू कुठे शिवली आहे, हे एकदा पाहून घ्यावे.

आपले छप्पर टणक असल्यामुळे आणखी एक सवय लावून घ्यावी लागेल. छप्पर खाली आणण्यापूर्वी प्रत्येक पडदा गुंडाळून वरच्या वर बंदाने बांधायचा. लोंबता पडदा छपराच्या आणि पेटीच्या कडेमध्ये सापडला, तर तिथे फट राहते आणि घाटातून येताना पाऊस नेमका तिथूनच आत येतो. वात दिव्यात तेल ओढते तसे सापडलेले कापड पाणी आत ओढते. हे बंद पडदा शिवतानाच वरच्या नेफ्यात अडकवून शिवावेत. सुटे बंद दुसऱ्या सहलीपर्यंत टिकत नाहीत, हरवतात.

प्रश्न: पावसाळ्यानंतर ट्रेलर उघडला तर सगळ्या पडद्यांवर काळे ठिपके आणि कुबट वास. पडदे टाकून द्यावे लागतील का? (नाशिकरोड)

उत्तर: टाकून देऊ नका. ठिपके बुरशीचे आहेत. पडदे काढून घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशने झाडावेत आणि दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावेत. वास बराचसा तिथेच जाईल. पांढऱ्या सुती पडद्यांना पाणी घालून सौम्य केलेले ब्लीच चालते, रंगीत कापडाला ते लावू नये. हेच ब्लीच भिंतींच्या कॅनव्हासलाही लावण्याचा मोह होईल, तो आवरावा, कारण त्याने पाणी न धरण्याची प्रक्रिया निघून जाते. काही ठिपके फिके होऊन राहतील, त्यांची सवय करून घ्यावी.

बुरशी धरण्याचे कारण बहुधा शेवटच्या मुक्कामात असेल. पावसात ओला मिटवलेला ट्रेलर घरी आल्यावर एक-दोन दिवसांच्या आत पुन्हा उघडून पूर्ण वाळवावा लागतो. अंगण नसेल तर सोसायटीच्या वाहनतळात अर्धा-अर्धा उघडावा, शेजाऱ्यांचे बोलणे ऐकून घ्यावे. जून ते सप्टेंबर ट्रेलर वापरायचा नसेल, तर पडदे त्यात ठेवूच नयेत. सुती पिशवीत घालून घरातल्या कपाटात ठेवावेत. इलॅस्टिकच्या दोऱ्याही काढून सैल गुंडाळाव्यात.

प्रश्न: आईच्या दोन जुन्या साड्या, एक येवल्याची रेशमी पैठणी आणि एक सुती, कपाटात पडून आहेत. त्यांचे आमच्या कॅम्परला पडदे करावेत अशी फार इच्छा आहे. (गंगापूर रोड)

उत्तर: सुतीचे अवश्य करावेत. जुने सुती लुगडे धुऊन धुऊन इतके मऊ आणि पातळ झालेले असते की घडीत ते जागाच घेत नाही, आणि ते पुढे आटण्याचीही भीती नसते. विरलेला भाग कुठे आहे तो उजेडासमोर धरून पाहावा आणि तो टाळून बेतावे. काठ खालच्या बाजूला ठेवला, तर नेफा काठाच्या वर, आतल्या बाजूने वेगळी पट्टी लावून करावा, म्हणजे काठ दुमडीत लपत नाही.

पैठणीला मात्र कात्री लावू नये. उन्हाने रेशीम कुजते, आणि खिडकीवर टांगलेल्या रेशमाच्या घड्यांवर दोन-तीन उन्हाळ्यांत चिरा जातात. जरीची तार कॅनव्हासवर घासून निघते आणि डासांच्या जाळीत अडकते. अगदीच मोह आवरत नसेल, तर आरपारच्या पडद्याला, जिथे ऊन पोहोचत नाही, पदराजवळचा आधीच फाटलेला एखादा तुकडा असल्यास तेवढाच टाचावा आणि प्रत्येक सहलीनंतर उसवून घरी आणावा. टाचताना धागा सुती घ्यावा आणि टाके लांब घालावेत, म्हणजे उसवताना रेशीम ओढले जाणार नाही.